पेठनाक्याचा बॉक्सर

रत्नागिरीहून सांगलीला जाणारी एसटी आंबा घाट चढते, मलकापूरला जरा टेकते आणि कोकरूड, शिराळा करत पेठनाक्याला येते. इथे पुणे-बंगळूर हमरस्ता आडवा येतो आणि रस्त्यापलीकडे इस्लामपूरची वाट लागते. आत्या सांगलीला दिलेली, त्यामुळे दर मे महिन्यात हापूसची पेटी मांडीशी धरून हा प्रवास ठरलेला. पेठनाक्याला उतरायचे, घाटात आखडलेले गुडघे मोकळे करायचे, चहा घ्यायचा आणि पेटी जागेवर आहे ना हे खिडकीतून दोनदा बघायचे. पंधरा-वीस वर्षे मी त्या नाक्यावर चहा प्यालो असेन. हाकेच्या अंतरावरच्या पेठ गावाने भारताला ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही धरून पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले आहे, हे मला चहावाल्याने सांगितले नाही, सहप्रवाशाने सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. कळले ते २०१८ साली, पद्मपुरस्कारांची यादी वर्तमानपत्रात आली तेव्हा. यादीत नाव होते मुरलीकांत पेटकर.

शाळकरी मुलांसाठी ही छोटी पुस्तिका काढायची ठरली तेव्हा आमच्या बैठकीत पहिला प्रश्न अपेक्षित तोच आला. रत्नागिरीत बसून घाटावरच्या माणसावर पुस्तिका कशाला? आपल्याकडचा कुणी बॉक्सर नाही का? आता खरे सांगायचे तर बॉक्सिंग हा काही आमच्या मातीचा खेळ नव्हे. कोकणी माणूस ठोसा मारत नाही, तो दावा लावतो. बांधावरून सुरू झालेली आमची लढत तीन फेऱ्यांत संपत नाही, तीन पिढ्या चालते. कबड्डी आहे, खो-खो आहे, पावसाळ्यात घरोघरी कॅरम आहे. रिंगणात उतरून समोरच्याचे नाक फोडणे मात्र आमच्या स्वभावात बसत नाही.

तरी त्या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर होते. कोकणात माणसाची पहिली ओळख म्हणजे आडनावाच्या शेवटचा ‘कर’. गाव सुटते, घर पडते, पण ‘कर’ सुटत नाही. क्रिकेटपटू बाळू पालवणकरांचेच पाहा. जन्म धारवाडचा, खेळ पुण्या-मुंबईतला, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले ते लॉर्ड्स-ओव्हलच्या देशात; पण आडनाव मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवणचे. वडील लष्करात होते म्हणून घराणे गावाबाहेर पडले होते. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडता झाडता बाळू डावखुरी फिरकी शिकले, आणि ज्यांना ते मैदानावर हवे होते त्यांनाच ते जातीमुळे चहाच्या टेबलावर नको होते. आपण पालवणकरांना आपले म्हणतो ते केवळ त्या चार अक्षरी गावाच्या जोरावर. मग पेठच्या पेटकरांना आपले म्हणायला मध्ये एक आंबा घाटच तर आहे.

आणि दोघांत साम्यही आहे. दोघांच्याही वाटेवर लष्कर आहे, आणि दोघांनाही खेळाने उचलून धरल्यावर समाजाने कुठे बसवावे हे ठरवायला फार वर्षे घेतली.

मुरलीकांत पेटकरांचा जन्म १९४४ चा. त्या वर्षी पेठचा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. सांगली हे जिल्ह्याचे नाव पुढे आले. क्रांतिसिंह नाना पाटील याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. त्यांचे पत्री सरकार, म्हणजे इंग्रजांना झुगारून चालवलेले समांतर सरकार, तेव्हा भरात होते. गावोगावची तरणी पोरे रात्री रानात आणि पहाटे तालमीत असा तो काळ. त्या मुलखात कुस्ती हा नुसता खेळ नव्हता. तालीम म्हणजे गावाची बैठक, गावाची अब्रू आणि गरिबाच्या पोराला दूध मिळण्याची एकमेव रास्त सबब. लाल मातीच्या हौद्यात पाटलाचा पोरगा आणि बलुतेदाराचा पोरगा एकमेकांच्या अंगाला हात लावू शकत होते, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती.

पण हौद्यातली बरोबरी हौद्यापुरतीच असते. पेटकरांनी मुलाखतींतून सांगितलेली आठवण अशी, की बारा-तेरा वर्षांचे असताना त्यांनी गावच्या मोठ्या घरातल्या मुलाला कुस्तीत पाडले. टाळ्या पडायच्या ऐवजी माणसे अंगावर आली. पोरगा गाव सोडून पळाला आणि लष्कराच्या मुलांच्या तुकडीत दाखल झाला. जिंकल्यामुळे गाव सोडावे लागलेला हा माणूस. ज्याला आपण पुढे ‘गावचा सुपुत्र’ म्हणून हार घालतो, त्याची सुरुवात बहुतेक वेळा गावाने हाकलण्यातच झालेली असते. ही गोष्ट सत्काराच्या भाषणात कुणी बोलत नाही, म्हणून प्रस्तावनेत बोलून घेतो.

लष्करात पेटकर ई.एम.ई. मध्ये गेले. हे बंदूकवाले दल नव्हे. लष्कराच्या गाड्या, तोफा, यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचे दल. तिथे त्यांनी कुस्ती सोडून बॉक्सिंग धरले, आणि हा बदल वाटतो तितका सोपा नाही. कुस्ती जवळ जायला शिकवते. अंगाला अंग भिडले, पकड बसली, की पुढचे सगळे. बॉक्सिंग नेमके उलटे शिकवते: अंतर राखा, अंग चोरा, समोरच्याचा हात जिथवर पोचतो त्याच्या एक वीत बाहेर उभे राहा आणि क्षणभरासाठी आत शिरून परत बाहेर या. पैलवानाला हे जड जाते. त्याचा सगळा जन्म पुढे सरकण्यात गेलेला असतो.

दुसरे म्हणजे ठोसा हाताने मारतात हा गैरसमज. ठोसा सुरू होतो टाचेत. टाच वळते, कंबर वळते, खांदा सुटतो आणि मूठ ही शेवटची. म्हणून बॉक्सरला दोरीवरच्या उड्या मारायला लावतात, म्हणून पहाटे मैलोन्‌मैल पळवतात. पोत्यावर ठोसे मारणे हे फार नंतरचे काम. वाचकांनी हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे तो कामाला येणार आहे.

इथे एका शब्दाचा हिशेब करून टाकतो. पेटकर व्यावसायिक बॉक्सर होते का? तिकीट लावून, बक्षिसाच्या रकमेवर लढणारे अशा अर्थाने नव्हते. तसल्या लढती मुंबईने स्वातंत्र्यापूर्वी पाहिल्या होत्या. गनबोट जॅक या अमेरिकन कृष्णवर्णीय बॉक्सरचे नाव जुन्या लोकांच्या तोंडी असे. पण त्या धंद्यावर भारतात कुणाचे घर चालले नाही. अगदी विजेंदर सिंगने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताला बॉक्सिंगचे पहिले पदक मिळवून दिले आणि २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला, तेव्हाही लोकांना ते नवल वाटले. आपल्याकडे बॉक्सरचा खरा यजमान म्हणजे लष्कर, रेल्वे आणि पोलीस. पगार शिपायाचा, खुराक पलटणीचा आणि लढत दलाच्या नावाची. कागदोपत्री याला हौशी म्हणतात. पहाटे चारला उठून वर्षानुवर्षे मार खाणाऱ्याला हौशी म्हणणे ही भाषेची थट्टा आहे. या पुस्तिकेत आम्ही त्यांना नुसते बॉक्सर म्हटले आहे.

१९६४ मध्ये टोकियोला झालेल्या आंतरराष्ट्रीय लष्करी क्रीडास्पर्धेत पेटकर भारताकडून रिंगणात उतरले. वय वीस. पेठच्या हौद्यातून निघालेला पोरगा जपानपर्यंत पोचला होता आणि त्याचे सगळे आयुष्य समोर होते. ते बॉक्सरचे आयुष्य त्यानंतर एकच वर्ष टिकले.

१९६५ चे युद्ध. पेटकर जम्मू-काश्मीरच्या बाजूला तळावर होते. ते सांगतात की शिट्टी झाली तेव्हा जवानांना वाटले चहाची शिट्टी. माणसे बाहेर आली आणि वरून विमानांचा मारा सुरू झाला. त्यांच्या अंगात अनेक गोळ्या शिरल्या. त्यातली एक पाठीच्या कण्यात अडकली आणि ती काढताच आली नाही. पडल्यावर अंगावरून लष्कराचीच गाडी गेली. शुद्ध गेली, काही काळ आठवणही गेली. कंबरेखालचे शरीर कायमचे गेले. रणगाडे आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलातला तो जवान. त्याचे स्वतःचे शरीर मात्र दुरुस्तीच्या पलीकडे गेले होते.

मुंबईच्या नौदल रुग्णालयात, अश्विनीमध्ये, पुढचे उपचार झाले. तिथे त्यांना पाण्यात उतरवले गेले ते पदकासाठी नव्हे, उपचार म्हणून. पाणी वजन घेते. जमिनीवर जे शरीर उचलत नाही ते पाण्यात हलते. इथे मघाचा तपशील आठवा. ठोसा टाचेतून सुरू होतो म्हणालो होतो. टाच गेली, कंबर गेली. साखळीतले शेवटचे दुवे तेवढे उरले: खांदा, दंड, मनगट. शिवाय तीन मिनिटांच्या फेरीत छातीचा भाता राखायची सवय उरली आणि समोरून काय येते आहे त्याकडे डोळे मिटून न घेण्याची खोड उरली.

माझे म्हणणे एवढेच आहे. लोक सांगतात की पेटकर बॉक्सर होते, गोळी लागली, मग ते जलतरणपटू झाले; जणू एक माणूस संपून दुसरा सुरू झाला. मला तसे दिसत नाही. १९६५ नंतर त्यांनी हाताळलेले खेळ मोजा: टेबल टेनिस, भालाफेक, गोळाफेक, चाकाच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत, पोहणे. सगळे खांद्याचे खेळ. तो बॉक्सर कुठे गेलाच नाही. त्याचे पाय काढून घेतले गेले म्हणून त्याने खांद्यांना चालायला शिकवले.

१९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी पार केली. जाण्या-येण्याच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत झाली. निवृत्तीनंतर अपंगांसाठी काम करणारे मर्चंट ज्यांना ठाऊक नाहीत त्यांनी तेही शोधून वाचावे. त्यांच्या फलंदाजीच्या सरासरीइतकेच ते मोलाचे आहे. १९७० मध्ये एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, म्हणजे कंबरेखाली लुळे पडलेल्या खेळाडूंच्या राष्ट्रकुलात, पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य घेतले.

मग १९७२. इथे एक दुरुस्ती करतो, कारण पुष्कळ ठिकाणी चुकीचे छापले जाते. पेटकरांचे सुवर्णपदक म्युनिकचे नाही, हायडेलबर्गचे आहे. त्या वर्षी ऑलिंपिक म्युनिकला झाले, पण खेळाडूंच्या वसाहतीतली घरे नंतर खासगी मालकांकडे जायची होती, तेव्हा चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूंना तिथे जागा नव्हती. त्यांची स्पर्धा हायडेलबर्गला हलवली गेली आणि ती म्युनिकच्या आधीच, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, उरकली गेली. म्युनिकमध्ये इस्रायली खेळाडूंवर जो भीषण हल्ला झाला तो सप्टेंबरचा. तोवर पेटकर पदक घेऊन मोकळे झाले होते. जागा नाही म्हणून दुसरीकडे पाठवलेली ती स्पर्धा होती, एवढे एक वाक्य त्या काळाविषयी पुरेसे बोलते.

त्या स्पर्धेमागच्या माणसाचाही उल्लेख केला पाहिजे. लुडविग गुटमन हे जर्मन ज्यू डॉक्टर. नाझींच्या जाचाने १९३९ मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथे स्टोक मँडव्हिल रुग्णालयात महायुद्धात कणा मोडलेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांनी खेळाला औषध मानले आणि १९४८ मध्ये त्यांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९६० च्या रोममधल्या स्पर्धेपासून आपण पॅरालिंपिक मोजतो. ज्या देशातून गुटमनना पळावे लागले त्याच जर्मनीत १९७२ ला त्यांची स्पर्धा भरली, आणि गावातून पळालेल्या एका मराठी बॉक्सरने तिथे सुवर्ण घेतले. हा योगायोग कुणी कादंबरीत लिहिला असता तर मी ओढूनताणून आणलेला म्हटला असता.

५० मीटर, मुक्त शैली, वेळ ३७.३३ सेकंद. आपल्या गटातला जागतिक विक्रम. पोहणाऱ्यांना ठाऊक आहे की निर्जीव पाय पाण्यात नुसते गप्प नसतात; ते खाली बुडतात आणि मागे खेचतात. म्हणजे पेटकर दोन हातांनी पुढे जात होते आणि स्वतःच्याच अर्ध्या शरीराला ओढत होते. भाला, अचूक भालाफेक आणि खुर्चीची शर्यत या तिन्ही प्रकारांतही त्या वेळी ते अंतिम फेरीत होते.

यापुढचा भाग लिहिताना हात आखडतो. नोकरी पुण्याच्या टेल्कोत मिळाली, संसार झाला, आणि देश विसरला. १९७६ आणि १९८० च्या पॅरालिंपिकला भारताने संघच पाठवला नाही. १९८४ मध्ये संघ गेला तेव्हा जोगिंदरसिंग बेदी आणि भालाफेकीतले भीमराव केसरकर पदके घेऊन आले. केसरकरांचे नाव आज किती जणांना आठवते? पुढचे पॅरालिंपिक सुवर्ण देवेंद्र झाझरियाने आणले ते २००४ मध्ये, बत्तीस वर्षांनी. ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राचे, २००८ चे. तेव्हा सगळीकडे ‘पहिले’ हा शब्द छापून आला. पेठचा माणूस तेव्हा हयात होता आणि वर्तमानपत्र वाचत होता.

याला नुसते दुर्दैव म्हणून सोडून देणे मला मान्य नाही. विस्मरणाचीही व्यवस्था असते. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जात होता, पण अपंग खेळाडूंना सामावून घेणारी राष्ट्रीय संघटना उभी राहायला नव्वदचे दशक उजाडले. शिफारस करायला संघटना नाही, म्हणून नाव नाही. नाव नाही, म्हणून नोंद नाही. १९८२ मध्ये पेटकरांनी अर्जुन पुरस्कारासाठी मागणी केली, ती नाकारली गेली. त्यानंतर आपण कुणाच्या दारात जायचे नाही असे त्यांनी ठरवले, आणि हा निश्चय मला त्यांच्या ३७.३३ सेकंदांइतकाच बॉक्सरचा वाटतो. २०१८ मध्ये पद्मश्री आली. जून २०२४ मध्ये कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला, कार्तिक आर्यनने त्यांची भूमिका केली आणि नाव घराघरांत गेले. जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन जीवनगौरव मिळाला. मागणी नाकारल्यापासून बेचाळीस वर्षे. कोकणातल्या बांधाच्या दाव्यालाही एवढी वर्षे लागतात, म्हणून आम्हाला नवल कमी वाटले.

पेठपासून तासाभराच्या आतच कऱ्हाडजवळ गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचे गाव. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक तिथले, १९५२ च्या हेलसिंकीचे कांस्य. खाशाबांना अर्जुन मिळाला २००० साली. ते १९८४ मध्येच अपघातात गेले होते. कृष्णाकाठच्या एवढ्याशा पट्ट्यात स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणि देशाचे पहिले वैयक्तिक सुवर्ण, आणि दोघांनाही पोच उशिरा. फरक इतकाच की पेटकरांनी ती आपल्या हाताने घेतली.

वारसा म्हटले की ‘प्रेरणा’ हा शब्द येतो. तो मी या पुस्तिकेतून शक्य तितका काढायला लावला आहे. प्रेरणा देणे स्वस्त असते. त्याला उतरता रस्ता, पोहण्याच्या तलावाला कठडा आणि शाळेला चाकाची खुर्ची लागत नाही. वारसा मोजायचा तर तो माणसांत मोजावा. करमाळ्याकडचा सुयश जाधव, दोन्ही हातांचे पंजे नसताना पोहतो, २०२० मध्ये त्याला अर्जुन मिळाला. सांगली जिल्ह्यातल्याच आटपाडी तालुक्याच्या करगणीचा सचिन खिलारी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटर फेकून रौप्य घेऊन आला. या मुलांना मैदान, प्रशिक्षक, प्रवासखर्च आणि पुरस्काराची रक्कम मिळते. पेटकरांच्या वेळी यातले काहीच नव्हते.

आमच्या मुलांना ही पुस्तिका देताना एक भीती आहे. ती गोळ्या मोजतील, विमाने रंगवतील आणि चित्रपटातली गाणी म्हणतील. म्हणू देत. पण मधल्या पानांवर ठोसा कसा तयार होतो याची जी आकृती आहे ती त्यांनी करून पाहावी: टाच, गुडघा, कंबर, खांदा, मूठ. मग खुर्चीवर बसून, पाय अजिबात न हलवता, तोच ठोसा मारून पाहावा. जे हरवले ते किती होते हे दोन मिनिटांत कळेल.

शेवटी एक विनंती. पोहण्याची वेळ कागदावर राहते, भाल्याचे अंतर राहते. बॉक्सिंगच्या लढतीचे तसे नसते; ती पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत राहते आणि ते डोळे मिटले की जाते. रत्नागिरी, खेड, दापोली, मंडणगड या भागांत फौजेतून निवृत्त झालेल्यांची घरे पुष्कळ आहेत. साठच्या दशकात ई.एम.ई. मध्ये किंवा सेनादलांच्या बॉक्सिंग स्पर्धांत असलेले कुणी आपल्या घरात असतील, त्यांच्या ट्रंकेत एखादा गटाचा फोटो, स्पर्धेची पत्रिका, पलटणीच्या मासिकाचे पान असेल, तर कृपा करून ते वाळवीच्या आधी आमच्याकडे आणून द्यावे. नक्कल काढून मूळ कागद त्याच दिवशी परत करू. पुढच्या आवृत्तीत मुरलीकांत पेटकरांचा एक तरी फोटो हातमोजे घातलेला असावा.

रत्नागिरी